खांद्याची सुटलेली कंडरा हाडाला जुळावी म्हणून ग्रोथ फॅक्टर वापरावेत का?

मृद्गंध (प्रश्न)

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या उजव्या खांद्यातील रोटेटर कफची (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांच्या समूहाची) एक कंडरा, म्हणजे टेंडन, दंडाच्या हाडापासून पूर्णपणे सुटली असल्याचे एमआरआयमध्ये आढळले आहे. अहवालात सुप्रास्पायनेटस असे नाव असून फट सुमारे तीन सेंटिमीटरची आहे. सासूबाईंचे वय ६३ आहे, त्यांना मधुमेह आहे, आणि वेणी घालण्यासाठी हात डोक्यामागे नेणेही त्यांना आता जमत नाही. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून, हाडात अँकर (टाके धरून ठेवणारी छोटी खुंटी) बसवून, कंडरा मूळ जागी पुन्हा बांधायची असे ठरले आहे, आणि त्याविषयी घरात कोणाची हरकत नाही.

शंका आहे ती पुढच्या भागाविषयी. शस्त्रक्रियेच्या वेळीच त्या जागी 'ग्रोथ फॅक्टर' घातले तर कंडरा हाडाला लवकर आणि पक्की जुळते, असे आम्हाला सांगण्यात आले. त्याचा खर्च वेगळा आहे आणि तो विम्यात बसत नाही. हे घटक नेमके काय करतात, माणसांवर त्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे का, आणि रक्तातून काढतात ते पीआरपी म्हणजेच हे का, एवढे कोणी जाणकारांनी समजावून सांगावे. खर्च करण्याची तयारी आहे. तो कशासाठी होतो आहे हे मात्र कळले पाहिजे.

अस्थिवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि खांद्याच्या शस्त्रक्रिया करतो. एमआरआयची चित्रे आणि रुग्ण न पाहता 'हे करा, ते करू नका' असे सांगणे योग्य नाही, म्हणून विषय जेवढा सर्वसाधारणपणे सांगता येईल तेवढा सांगतो.

शस्त्रक्रियेत आम्ही कंडरा हाडावर टाक्यांनी दाबून बसवतो. टाके आणि अँकर यांचे काम काही महिन्यांपुरते असते. तेवढ्या काळात शरीराने कंडरा आणि हाड यांच्यामध्ये स्वतःची जोड तयार करावी, अशी अपेक्षा असते. अडचण इथेच आहे. निरोगी खांद्यात कंडरा हाडाला थेट चिकटलेली नसते. जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या अंतरात क्रमाने चार ऊती असतात: कंडरा, मग मऊ तंतुकास्थी (तंतुमय कूर्चा), मग क्षार साठलेली तंतुकास्थी आणि शेवटी हाड. हाड कंडरेपेक्षा सुमारे शंभरपट ताठ असते, आणि एवढ्या भिन्न पदार्थांच्या सीमेवर सगळा ताण एकवटू नये म्हणून ही चढती रचना असते. ती गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या वाढीच्या काळात घडते. प्रौढ माणसात एकदा तुटली की ती पुन्हा तशी घडत नाही. तिच्या जागी व्रणाची ऊती तयार होते, जिच्यात तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) जास्त असते आणि जी ताणाला कमी टिकते.

त्यामुळे टाके उत्तम बसले तरी कंडरा पुन्हा सुटण्याचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आणि अतिमोठ्या फाटींच्या एका अमेरिकी अभ्यासात दुर्बिणीने दुरुस्त केलेल्या १८ पैकी १७ खांद्यांत सोनोग्राफीवर पुन्हा फाट दिसली. फ्रान्समधील पास्कल बुआलो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये फक्त सुप्रास्पायनेटसच्या फाटींचा आढावा घेतला, तेव्हा एकंदरीत ७१ टक्के कंडरा जुळलेल्या होत्या, पण ६५ वर्षांवरील रुग्णांत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. हे आकडे वाचून घाबरू नये. पुन्हा फाट दिसूनही वेदना कमी झालेले रुग्ण पुष्कळ असतात, आणि २००४ च्या त्या अभ्यासातही पहिल्या वर्षी बहुतेकांना आराम वाटत होता. हातातली ताकद मात्र जुळलेल्या खांद्यात अधिक चांगली परतते, आणि म्हणूनच जोड पक्की करण्याच्या उपायांमागे संशोधक लागलेले आहेत.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढा, स्थलांतर करा, कोलॅजन बनवा किंवा हाड बनवा असे संकेत देणारी प्रथिने. ती प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने शुद्ध स्वरूपात बनवता येतात आणि मोजून देता येतात. पीआरपी ही वेगळी गोष्ट आहे. त्यात रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, एकवटले जातात. या बिंबाणूंच्या पोटात पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे अनेक घटक साठलेले असतात, पण त्यांचे प्रमाण माणसागणिक, यंत्रागणिक आणि एकाच माणसात दिवसागणिकही बदलते. दवाखान्यात 'ग्रोथ फॅक्टर' या नावाने जे सुचवले जाते ते बहुधा पीआरपी किंवा त्याचाच, गुठळी होऊ देऊन बनवलेला, जाळीदार प्रकार असतो. शुद्ध घटकांना ज्या कामांसाठी अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेची, एफडीएची, मंजुरी आहे ती निराळी आहेत: हाड वाढवणाऱ्या बीएमपी-२ ला २००२ मध्ये कमरेचे मणके सांधण्यासाठी, पीडीजीएफ-बीबीला १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी, २००५ मध्ये हिरड्यांच्या आजारासाठी आणि २०१५ मध्ये घोट्याचे सांधे जोडण्यासाठी. या यादीत खांद्याची कंडरा नाही. म्हणून पहिला प्रश्न आपल्या डॉक्टरांनाच विचारावा: कुपीत काय आहे?

जैवद्रव्य

माझे काम प्रयोगशाळेतले आहे. ऊतींसाठीचे आधारद्रव्य आणि त्यातून औषध हळूहळू सोडणे हा माझा विषय. वरचा प्रतिसाद उत्तम आहे, त्याला प्रयोगांच्या बाजूची जोड देतो, कारण 'ग्रोथ फॅक्टर घातला की जोड पक्की' हे वाक्य प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच आले आहे आणि त्या प्रयोगांचे निष्कर्ष पूर्ण सांगितले जात नाहीत.

मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तर तिथे नवे हाड तयार होते. त्यातून पुढे बीएमपी या प्रथिनांचे कुटुंब हाती लागले, आणि कंडरेच्या शेजारी हाड वाढवले तर कंडरा त्यात रुतून बसेल अशी कल्पना साहजिकच पुढे आली. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीतील स्कॉट रोडिओ यांचे काम इथे पायाभूत आहे. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात कुत्र्यांच्या पायातील कंडरा हाडातल्या बोगद्यात बसवली होती. आठव्या आठवड्यापर्यंत कधीही ओढून पाहिल्यावर ती बोगद्यातूनच निसटत असे, बाराव्या आठवड्यापासून मात्र जोड टिकत असे आणि निकामी होण्याची जागा दुसरीकडे सरकत असे. गुडघ्याच्या एसीएल (आतल्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने इतके जपायला का सांगतात, त्याचे एक कारण इथे सापडते. त्याच प्रतिमानात १९९९ मध्ये बीएमपी-२ वापरल्यावर कंडरेभोवती हाड लवकर वाढले.

खरा धडा मात्र २००७ च्या त्यांच्या मेंढ्यांवरील प्रयोगात आहे. खांद्याची कंडरा दुरुस्त करून तिथे हाड वाढवणाऱ्या अनेक घटकांचे मिश्रण ठेवले, तेव्हा जोडीच्या जागी अधिक ऊती तयार झाली आणि ती तोडायला अधिक बलही लागले. पण त्या बलाचा हिशेब ऊतीच्या आकारमानाशी लावला तेव्हा फरक नाहीसा झाला. म्हणजे जोड अधिक चांगली झाली नव्हती. ती फक्त जाड झाली होती. व्रणाच्या ऊतीचे प्रमाण वाढले, दर्जा तोच राहिला. या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत प्रामाणिक निष्कर्ष हाच आहे, आणि जाहिरातीत तो कधी येत नाही.

याचे कारण समजण्याजोगे आहे. जखम भरण्याच्या काळात घटकांची पातळी एकामागून एक चढते आणि उतरते. पहिल्या आठवड्यात दाह, मग पेशींची वाढ, मग महिनोन्महिने चालणारी पुनर्रचना. कीर्तनात मृदंगाची थाप ज्या जागी हवी तिथे पडली नाही तर ती जोरात पडून उपयोग नसतो, तसेच इथेही होते. एकच घटक एकाच दिवशी भरपूर घालणे म्हणजे हा क्रम हाती येणे नव्हे. शिवाय ही प्रथिने उघड्यावर फार टिकत नाहीत. पीडीजीएफ रक्तात काही मिनिटांतच निघून जाते. नुसते द्रावण टोचले तर ते शस्त्रक्रियेच्या पाण्याबरोबर वाहून जाण्याचीच शक्यता अधिक, म्हणून कोलॅजनचा स्पंज, फायब्रिनचा गोंद, जेल किंवा लेप दिलेला टाक्याचा धागा असे वाहक लागतात. वाहक कोणता आणि त्यातून घटक किती दिवसांत बाहेर पडतो, हे घटकाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

मात्रेचेही तसेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंढ्यांवरील अभ्यासात कोलॅजनच्या आधारावर पीडीजीएफ-बीबी तीन मात्रांत दिले होते. ७५ आणि १५० मायक्रोग्रॅम दिलेल्या गटांत बाराव्या आठवड्याला जोड तोडण्यासाठी लागणारे बल फक्त टाके घातलेल्या गटापेक्षा ६३ टक्क्यांहून अधिक वाढले, आणि ५०० मायक्रोग्रॅमच्या गटात हा लाभ दिसलाच नाही. जास्त घातले की जास्त फायदा, हे समीकरण या प्रथिनांना लागू पडत नाही.

टीजीएफ-बीटाची गोष्ट तर अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचा पहिला उपप्रकार व्रण वाढवतो. तिसरा उपप्रकार गर्भातील जखमा व्रण न राहता भरतात त्या काळात अधिक आढळतो, म्हणून त्याच्याकडून बऱ्याच आशा होत्या. उंदरांवरच्या प्रयोगांत काही सुधारणा दिसली, पण चार थरांची मूळ रचना परत आली असे म्हणता येणार नाही. कंडरा घडवणाऱ्या बीएमपी-१२ ची कोलॅजन स्पंजसह माणसांच्या खांद्यावर पहिल्या टप्प्यातील चाचणी झाली आणि तिचा अहवाल २०१५ मध्ये आला. उपाय सुरक्षित आणि करण्याजोगा असल्याचे त्यात दिसले. तो नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस आहे हे सिद्ध करण्याएवढी ती चाचणी मोठी नव्हतीच.

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार. आज पुन्हा विचारणा केली तेव्हा ते पीआरपीच असल्याचे कळले. रक्त शस्त्रक्रियेच्या दिवशीच घेतले जाईल आणि तयार झालेला जेलसारखा भाग कंडरेखाली ठेवला जाईल, असे सांगितले. तेव्हा आता माझा प्रश्न पीआरपीपुरताच उरला आहे. आणखी एक विचारायचे होते. धूम्रपान करता का, असे फॉर्मवर विचारले होते, तिथे आम्ही 'नाही' लिहिले. सासूबाई सिगारेट ओढत नाहीत, पण लहानपणापासून मशेरी लावतात. त्याचा या जुळण्याशी संबंध असतो का?

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मशेरीबद्दल डॉक्टरांना आजच सांगा. ती भाजलेल्या तंबाखूचीच पूड असते आणि हिरड्यांतून निकोटिन रक्तात जाते. फॉर्मवर फक्त धूम्रपान विचारल्यामुळे ही माहिती आपल्याकडे नेहमीच सुटते, विशेषतः बायकांच्या बाबतीत. निकोटिन दिलेल्या उंदरांत कंडरा हाडाला उशिरा आणि कमकुवत जुळते हे २००६ च्या प्रयोगात दिसले आहे, तिथे धुराचा संबंधच नव्हता. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे आणि नंतरचे निदान तीन महिने मशेरी बंद ठेवता आली तर तो विनाखर्चाचा उपाय आहे. सवय जुनी आहे, त्यामुळे नुसते दटावून भागणार नाही. तंबाखूमुक्तीसाठी मदत घ्यावी लागेल, आणि निकोटिनचे च्युइंग गम देताना त्यातही निकोटिनच आहे हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरी गोष्ट साखरेची. २०१५ च्या एका कोरियन अभ्यासात मधुमेह नसलेल्यांत पुन्हा फाटण्याचे प्रमाण १४.४ टक्के होते आणि मधुमेह असलेल्यांत ३५.९ टक्के. मधुमेहींमध्येही ज्यांची साखर आटोक्यात होती त्यांच्यात ते २५.९, तर नसलेल्यांत ४३.२ टक्के भरले. सासूबाईंचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सातच्या वर असेल तर शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलून ते खाली आणण्याविषयी जरूर बोला, मात्र महिनोन्महिने थांबू नका, कारण सुटलेल्या कंडरेचा स्नायू दरम्यान आकसतो आणि त्यात चरबी भरते.

माझ्या कामाचा भाग म्हणजे नंतरची हालचाल. उंदरांच्या खांद्यावरच्या प्रयोगांत, दुरुस्तीनंतर खांदा बांधून ठेवलेल्यांची जोड व्यायाम करायला लावलेल्यांपेक्षा चांगली झाली. पण औषधाने स्नायू पूर्ण लुळा केला तेव्हा ती बिघडली. म्हणजे ताण अगदी शून्यही नको. माणसांत आम्ही साधारण सहा आठवडे स्लिंग, त्या काळात डॉक्टरांच्या मंजुरीने दुसऱ्याने हलवलेली मर्यादित हालचाल, आणि ताकदीचे व्यायाम तिसऱ्या महिन्यानंतर, असे चालतो. घरी कळशी उचलणे, कणीक मळणे, दोरीवर कपडे टाकणे हे सगळे त्यात मोडते, आणि दुखायचे थांबले की नेमके तेच आधी सुरू होते.

वेदनाशामक गोळ्यांबाबतही विचारून घ्या. इंडोमेथासिन आणि सेलेकॉक्सिब यांनी उंदरांत ही जोड कमकुवत झाल्याचे २००६ मध्ये दिसले होते. माणसांतले पुरावे एकमुखी नाहीत, म्हणून लिहून दिलेल्या गोळ्या घ्याव्यात, पण शेजारच्या मेडिकलमधून आणून वाढवू नयेत.

पार्थसारथी

इथला सूर मला पीआरपीबद्दल गरजेपेक्षा जास्त नकारात्मक वाटतो. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मूळ शोधनिबंध वाचले होते. सोलमधील ख्रिस जो यांच्या २०१३ च्या यादृच्छिक (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठीने ठरवलेल्या) चाचणीत मोठ्या आणि अतिमोठ्या फाटींत पीआरपी जेल वापरलेल्या गटात पुन्हा फाटण्याचे प्रमाण २० टक्के होते आणि दुसऱ्या गटात ५५.६ टक्के. त्यांच्याच २०१५ च्या, मध्यम ते मोठ्या फाटींच्या चाचणीत हे आकडे ३ आणि २० टक्के आहेत. मृद्गंध यांनी सांगितलेली तीन सेंटिमीटरची फाट नेमकी या वर्गात बसते. हे आकडे बाजूला का सारायचे?

अस्थिवैद्य

बाजूला सारायचे कारण नाही, आणि ते मांडल्याबद्दल आभार. दुसऱ्या पारड्यातलेही ठेवतो. इटलीतील कास्त्रिचिनी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ८८ रुग्णांवर बिंबाणूंची फायब्रिन जाळी वापरून पाहिली, तिचा उपयोग दिसला नाही. रोडिओ यांनी २०१२ मध्ये ७९ रुग्णांवर तसाच प्रयोग केला. त्यातही फायदा दिसला नाही, उलट जाळीचा जुळण्यावर किंचित प्रतिकूल परिणाम होत असावा अशी शंका विश्लेषणातून निघाली. हे निकाल परस्परविरोधी वाटतात, पण चारही ठिकाणी वापरलेला पदार्थ एकच नव्हता. सोलमध्ये बिंबाणूंचे प्रमाण ठरवून घेतलेले, पांढऱ्या पेशी काढून टाकलेले जेल कंडरा आणि हाड यांच्या मधोमध बसवले होते. इतरत्र जाळीची तयारी वेगळी, बिंबाणूंचे प्रमाण वेगळे, फाटींचे आकारही वेगळे. नंतरच्या काही एकत्रित विश्लेषणांतही पांढऱ्या पेशी कमी असलेल्या पीआरपीकडे झुकते माप दिसते. म्हणून 'पीआरपी चालते का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो.

मृद्गंध, आपल्यापुरते सांगायचे तर तीन गोष्टी विचाराव्यात. तयार होणाऱ्या पीआरपीत पांढऱ्या पेशी ठेवतात की काढतात. ते जोडीच्या मधोमध ठेवणार की शेवटी वरून टोचणार. आणि एमआरआयमध्ये स्नायूत किती चरबी भरली आहे, म्हणजे गुटालिए यांच्या शून्य ते चार या प्रतवारीत ती कितवी. चरबी तिसऱ्या किंवा चौथ्या प्रतीची असेल तर कंडरेच्या मागचा स्नायूच निकामी झालेला असतो, आणि तिथे पीआरपीवर खर्च करणे मला पटत नाही. ती शून्य किंवा एक असेल, जेल मधोमध बसवणार असतील आणि खर्च घराला जड जात नसेल, तर मी अडवणार नाही. स्वतःच्याच रक्ताचे असल्याने धोका कमी आहे. बीएमपी-२ सारखी भलत्या जागी हाड वाढण्याची किंवा सूज येण्याची भीती त्यात नसते. मात्र पैशाची ओढाताण होणार असेल तर पीआरपी नसल्याने सासूबाईंचे उपचार अपुरे राहिले असे मानू नये. मशेरी आणि साखर यांचा परिणाम त्यांच्या बाबतीत याहून मोठा ठरण्याची शक्यता आहे.

आणि बिल देण्यापूर्वीच ठरवून घ्या की तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला खांद्याची सोनोग्राफी होईल. पुन्हा सुटणाऱ्या कंडरा बहुतेक करून याच काळात सुटतात, आणि दुखत नाही म्हणून तपासणी टाळली तर घातलेल्या पीआरपीचे काय झाले हे आपल्यालाही कळत नाही आणि आम्हालाही.

मृद्गंध

मशेरीचे डॉक्टरांच्या कानावर घातले आहे. त्यांनी शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे नेली आणि एचबीए१सी पुन्हा करायला सांगितले. चरबीची प्रत अहवालात लिहिलेली नव्हती. ती रेडिओलॉजिस्टकडून लिहून मागवली आहे. पीआरपीचा निर्णय ती आल्यावर घेऊ.